ऐंशी नंबरचं दार

तारापूर एमआयडीसीत वर्षाचे तीन ऋतू: पावसाळा, पाणीकपात आणि ऑडिट. पहिल्या दोघांची चाहूल तरी लागते. ऑडिटचं तसं नाही. गुरुवारी संध्याकाळी मेल येतो, सोमवारी साहेब येतात, आणि मधल्या दिवसांत कारखाना असा नटतो की कामगारच चुकून पुढच्या प्लॉटवर जातील. आग विझवायच्या लाल बादल्यांमधली वाळू चाळून तिच्यातली विड्यांची थोटकं वेगळी काढतात. प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली शोधतात. ती सापडत नाही, तेव्हा पेटीच नवी आणतात. जमिनीवर पिवळे पट्टे मारतात आणि रंग वाळलेला नसल्यामुळे साहेबांना पट्ट्यांच्या आतून न्यायचं सोडून बाहेरून नेतात.

माझ्या भावोजींचा इथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. औषधाच्या गोळ्या ज्या मोठ्या खोक्यांतून गावोगाव जातात, ती खोकी. आत काय जातं याच्याशी आपला काय संबंध, असं भावोजी म्हणतात. औषध कंपन्यांचे साहेब म्हणतात, फार संबंध आहे. पूर्वी त्यांच्या प्रश्नावलीत उंदीर, झुरळं आणि कामगारांची नखं एवढंच असायचं, आणि त्याची उत्तरं भावोजींना तोंडपाठ होती. गेल्या काही वर्षांत उंदीर मागे पडले आणि कॉम्प्युटर पुढे आले. यंदा तर 'माहिती सुरक्षा' असा वेगळा भागच होता. कीटकनियंत्रणाच्या लगेच खाली.

प्रश्नावली इंग्रजीत असते आणि साहेबांच्या बरीच आधी येते; आली की ती सरावलीला माझ्या घरी येते. मी शाळेत इतिहास शिकवायचो. मास्तर म्हणजे त्याला सगळं वाचता येतं, अशी आमच्या घराण्याची समजूत आहे आणि मी निवृत्त झाल्यापासून ती आणखी पक्की झाली आहे. त्या भागात एक प्रश्न होता: सर्व्हरवर एन्क्रिप्शनशिवाय मिळणारा वेब प्रवेश बंद केला आहे काय? पुढे दोन चौकोन. हो, नाही.

"हो वर टिक करा," भावोजी म्हणाले.

"बंद आहे का पण?"

"काय बंद?"

यापुढे आम्हा दोघांचंही शिक्षण संपलेलं असल्यामुळे भाचीला फोन लावला. ती अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. डहाणू लोकल सुरू झाली एप्रिल २०१३ मध्ये, तेव्हा ही शाळेत होती. आता त्याच लोकलने रोज जाते-येते आणि बोईसर ते अंधेरी या वेळात जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगू शकते, कारण वेळ तेवढा असतो. तिने रविवारी येऊन आम्हाला बसवलं.

"बाबा, आपल्याला सर्व्हर आहे हे तरी माहीत आहे ना?"

"आपल्याला सर्व्हर आहे?"

"दर महिन्याला पैसे भरता तुम्ही त्याचे."

"ते सीसीटीव्हीचे ना?"

नव्हते. त्या सर्व्हरवर कारखान्याची वेबसाइट होती. गिऱ्हाइकांना आपली ऑर्डर कुठवर आली ते तिथे दिसायचं, ड्रायव्हरला गाडी कधी लावायची ते कळायचं, आणि फाटकातल्या बोटाच्या मशीनवर लागणारी हजेरीही तिथेच जाऊन जमा व्हायची.

भाचीने समजावलं ते असं. सर्व्हरला दारं असतात, नंबर टाकलेली. एकूण ६५,५३५. (एवढी दारं आमच्या सरावलीतही नसावीत.) त्यातलं ८० नंबरचं वेबचं जुनं दार. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेब जगापुढे ठेवलं तेव्हा ते काही संशोधकांनी एकमेकांचे कागद वाचावेत म्हणून होतं. संशोधक एकमेकांचे कागद चोरतात हे त्यांना ठाऊक असावं, पण क्रेडिट कार्डाचा नंबर कोणी त्या कागदात लिहील, ही कल्पना नव्हती. ती कल्पना नेटस्केप कंपनीला आली. वेबवर दुकान थाटायचं तर गल्ल्याला कुलूप हवं, म्हणून १९९५ च्या आसपास त्यांनी दुसरं, गुप्त बोलीचं, म्हणजे एन्क्रिप्शनचं, दार आणलं. त्याचा नंबर ४४३. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे आपल्याकडे दार आणि कुलूप एकाच सुमारास आले. आपण दार घेतलं.

दोन्हींत फरक काय, हे भावोजींना कळेना. मग तिने कारखान्याच्याच गेटाचं उदाहरण दिलं. गेटावर वॉचमनच्या टेबलावर एक जाड रजिस्टर असतं. येणाऱ्याने त्यात नाव, गाव, मोबाईल, गाडीचा नंबर आणि 'कोणाला भेटायचे' हे लिहायचं. लिहिणारा आधी वरच्या दहा ओळी वाचून घेतो. कागदाच्या रोलवाल्याला कळतं की शाईवाला आज पैसे मागायला आला होता; शाईवाल्याला कळतं की बँकेचा माणूस त्याच्याही आधी येऊन गेला. वॉचमनने वाचलेलं असतंच. चहावाल्या पोऱ्यालाही सगळं पाठ असतं. कोणी मनात आणलं तर लिहिलेल्यात खाडाखोडही करू शकतो. ८० नंबरचं दार म्हणजे हे गेट. ४४३ म्हणजे जिथे येणारा बंद पाकीट देतो आणि ते आत ज्याचं त्यालाच उघडतं.

"हे आधी का नाही सांगितलं?" भावोजी हादरले. त्यांना सर्व्हरपेक्षा त्या रजिस्टरची काळजी लागली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ते वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये गेलं.

खाडाखोडीची गोष्ट उगाच नाही. २०१५ साली बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला एका मोठ्या मोबाईल कंपनीचं नेट वापरताना आपल्याच वेबसाइटच्या पानात आपण न लिहिलेला कोड दिसला. वाटेत कोणीतरी घुसवला होता. त्याने तो पुराव्यानिशी जाहीर केला, तर तो कोड बनवणाऱ्या इस्रायली कंपनीच्या वतीने त्यालाच वकिलाची नोटीस आली. माझ्या पत्रात तुम्ही का लिहिलंत, असं विचारणाऱ्याला 'आमचं अक्षर लोकांना का दाखवलंत' असा जबाब. त्याच्याही आधी, ऑक्टोबर २०१० मध्ये, एरिक बटलर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने 'फायरशीप' काढलं. ब्राउझरला हे छोटं शेपूट लावायचं आणि उडप्याकडे, म्हणजे त्यांच्याकडच्या कॉफीच्या दुकानात, जाऊन बसायचं. त्याच वायफायवर जे कोणी फेसबुक उघडून बसले असतील त्यांची नावं फोटोसकट बाजूच्या पट्टीत येत. त्यातल्या कोणावरही टिचकी मारली की तुम्ही तो माणूस. चोरीचं हत्यार त्याने चोरांसाठी केलं नव्हतं. मोठ्या कंपन्यांनी फक्त पासवर्डाच्या पानाला कुलूप लावून बाकीचं घर उघडं ठेवलंय, हे चारचौघांत दाखवायचं होतं. आणि लाज वाटायला लावल्याशिवाय मोठी माणसं सुधारत नाहीत, हे त्यालाही ठाऊक असणार. जुलै २०१८ पासून क्रोमने तर कुलूप नसलेल्या प्रत्येक साइटच्या नावाआधी 'सुरक्षित नाही' अशी पाटीच लावली.

हे सगळं ऐकताना माझ्या मनात मात्र आमचा बोईसर परिसर होता. इथे एन्क्रिप्शन कोण करतं? डहाणू लोकलच्या डब्यात माणूस मोबाईलवर बँकेशी बोलतो तेव्हा उमरोळीपर्यंत त्याचं जन्मसाल, पालघरपर्यंत आईचं माहेरचं नाव आणि सफाळ्यापर्यंत ओटीपी अख्ख्या डब्याला कळलेला असतो. ओटीपी तर तो एक एक आकडा सुटा करून, दोनदा सांगतो. डब्यातला एखादा मागून दुरुस्तीही करतो, "सात नाही, नऊ बोलले होते तुम्ही." झेरॉक्सच्या दुकानात फिक्या आलेल्या आधार कार्डांची चळत असते आणि तिची पाठकोरी बाजू गिऱ्हाइकाला हिशोब करून द्यायला वापरतात. मला एकदा वडापाव ज्या कागदात मिळाला त्यावर कोणाच्या तरी पगाराची स्लिप होती. प्रॉव्हिडंट फंड व्यवस्थित कापलेला होता, हे वाचून बरं वाटलं. १९६९ पासून देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र शेजारी घेऊन राहणारी ही माणसं. सुरक्षा ही तिकडे कुंपणाच्या आत, बंदूकधारी जवानांनी करायची गोष्ट असते. कुंपणाच्या बाहेर भजी आणि ओटीपी मोकळे.

असो. कुलूप आधीच होतं, असं भाची म्हणाली. आता फक्त जुनं दार बंद करायचं होतं. कुलूप फुकट मिळतं हे ऐकून भावोजींचा त्यावरचा विश्वास थोडा कमी झाला. पूर्वी या कुलपासाठी लागणाऱ्या वेबसाइटच्या सर्टिफिकेटाला वर्षाला रोख पैसे मोजावे लागत. डिसेंबर २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेने ते सगळ्यांसाठी फुकट केलं. फक्त ९० दिवसांपुरतं. मुदत संपत आली की सर्व्हरवरचा प्रोग्रॅम आपण होऊन नवं मागून घेतो. पैसे भरून मिळणाऱ्या सर्टिफिकेटांचीही मुदत आता कातरत चालली आहे: ब्राउझरवाल्या आणि सर्टिफिकेटवाल्या कंपन्यांनी २०२५ मध्ये ठरवलं की मार्च २०२९ पासून कोणतंही ४७ दिवसांपेक्षा जास्त चालायचं नाही. भावोजींनी लगेच आमच्याकडचे परवाने आठवले. फॅक्टरीचा, प्रदूषण मंडळाचा, वजनमापाचा, फायरचा. सत्तेचाळीस दिवसांत ते नवे व्हायचे राहिले, नूतनीकरणाचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे एवढं कळलं तरी ते जिंकल्यासारखे घरी येतात.

"आणि हे सर्टिफिकेट काय सांगतं? आपला माल चांगला आहे म्हणून?"

"नाही बाबा. एवढंच, की हे नाव ज्याचं आहे त्याच्याशीच तुम्ही बोलताय."

हे मात्र आम्हा सरावलीकरांना समजावून सांगावं लागत नाही. सरावली दोन आहेत. एक आमची, पालघर तालुक्यातली, एमआयडीसीला लागून. दुसरी भिवंडी-कल्याण रस्त्यावरची, आणि तीही एमआयडीसीची. आमची कुरियरं वर्षानुवर्षं तिकडे जाऊन येतात. तिकडच्या कोणाचा तरी कापडाचा गठ्ठा एकदा माझ्या ओट्यावर तीन दिवस होता. सर्टिफिकेट फक्त एवढं सांगतं की ही ती सरावली नव्हे, ही सरावली. इथली माणसं कशी आहेत, ते इथे येऊनच बघायचं. भुरट्यांच्या साइटलाही कुलूप असतं आणि तेही खरंखुरं असतं. तुम्ही भुरट्याशी बोलताय, मधे दुसरा कोणी ऐकत नाहीये, एवढी खात्री मिळते. आणि दाखले देणाऱ्याच्याच शिक्क्याला पाय फुटले तर? जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्याच काही नावांची परकी सर्टिफिकेटं फिरताना सापडली. ती निघाली होती दिल्लीहून, नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या शिक्क्याने, आणि त्या शिक्क्यावर भरवसा भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकाचा होता. तपासात सेंटरच्या दाखले देण्याच्या यंत्रणेतच शिरकाव झाल्याचं निघालं आणि ते शिक्के रद्द झाले. तलाठी कार्यालयाबाहेरच्या टपरीवर कोणते शिक्के मिळतात हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. नवल हे, की कोणीतरी पकडलं.

तर जेवणं झाल्यावर भाचीने लॅपटॉप उघडला. दार बंद करायच्या दोन तऱ्हा आहेत म्हणाली. एकीत आलेल्याला 'नाही' म्हणून सांगायचं. दुसरीत काहीच सांगायचं नाही. दुसऱ्या तऱ्हेत बिचारा ब्राउझर चक्र फिरवत उभा राहतो, पुन्हा हाक मारतो, पुन्हा थांबतो, आणि बऱ्याच वेळाने कंटाळून परत जातो. चोराचा वेळ वाया जावा म्हणून बरेच जण ही दुसरी पसंत करतात. भावोजींनी देणेकऱ्यांशी वागताना आयुष्यभर हीच वापरली असल्याने त्यांनी तीच निवडली. एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. ८० बंद. प्रश्नावलीत 'हो'.

सोमवारी कारखाना नेहमीसारखा सुरू झाला. मशीनं धडधडली, दोन गाड्या भरून गेल्या, कॅन्टीनचे पोहे संपले. संध्याकाळी हजेरी काढली तर एकही माणूस कामावर आलेला नव्हता.

बोटाचं मशीन फार जुनं. त्याला ४४३ ची गुप्त बोली येतच नाही. जन्मल्यापासून ते ८० नंबरवर उभं राहून सगळ्यांची नावं मोठ्याने ओरडत आलंय. बंद दारावर ते दिवसभर धडका देत राहिलं आणि हजेऱ्या पोटात साठवत राहिलं. ठेकेदाराचा माणूस हे ऐकून पार खचला, कारण कोणी न येता हजेरी लागते हा प्रकार त्याला माहीत होता, उलटा प्रकार तो पहिल्यांदाच पाहत होता. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर चालतो; त्याच्या ब्राउझरला नवं कुलूप उघडायची किल्लीच माहीत नाही, त्यामुळे तोही बाहेर. खोक्यांवर जे क्यूआर कोडचे स्टिकर लावतात, त्यांत पत्ता जुना, ८० नंबरचा. स्टिकरचे गठ्ठे गोदामात छपराला लागलेले. नागपूरच्या कोणा वितरकाने खोकं स्कॅन केलं, चक्र फिरत राहिलं, त्याने फोन करून विचारलं, "माल डुप्लिकेट आहे का?" औषधाच्या धंद्यात हा शब्द फोनवर काढत नाहीत. भावोजींनी त्या दिवशी साखर तपासून घेतली.

ज्यांना धरायचं त्या चोरांतला एकही नाराज झाल्याचं ऐकिवात नाही. ते केव्हापासूनच ४४३ ने येतात.

फोनवरून भाचीने तोड काढली. बोटाच्या मशीनला वेगळं दार दिलं: ८०८०. ते फक्त कारखान्याच्या नेटवरून येणाऱ्यालाच उघडेल. काट्याला एका नव्या कॉम्प्युटरच्या आडून बसवलं. भावोजी भलतेच खूश. "फॉर्मात ८० विचारलंय, ८०८० विचारलेलंच नाही." फॉर्मात ८० हाही आकडा नव्हता, पण मी गप्प बसलो. मास्तरकी सुटली तरी केव्हा गप्प बसायचं हे सुटत नाही. हजेऱ्या एकदम येऊन पडल्या आणि सोमवारची गैरहजर माणसं गुरुवारी हजर झाली.

खरा तमाशा पुढे होता. कुलूपवाल्या संस्थेला आपण नवं सर्टिफिकेट मागतो, तेव्हा ती खात्री करते की हे नाव खरंच तुमचं का. ते करायची सगळ्यात रुळलेली रीत अशी: ती एक खूण देते, ती आपण आपल्या सर्व्हरवर ठेवायची, आणि तिचा माणूस येऊन बघून जाणार. कोणत्या दाराने? ८० नंबरच्या. फक्त ८० नंबरच्या. ८०८० त्याला चालत नाही. साहजिक आहे. ज्याच्याकडे अजून कुलूप नाही त्याला कुलूप द्यायला येणारा माणूस कुलपाच्या दाराने कसा येईल? ती संस्था स्वतःच लोकांना सांगते की बाबांनो, ८० उघडं राहू द्या. दुसऱ्याही रीती आहेत: नावाच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, खूण ठेवता येते. पण आमच्या नोंदवहीचा पासवर्ड ज्याच्याकडे, तो वेबसाइट बनवणारा मुलगा सध्या दुबईत.

सर्व्हरवरचा प्रोग्रॅम इमानी. मुदतीच्या महिनाभर आधीपासून तो दिवसातून दोनदा मागणी करायचा, बाहेरचा माणूस बंद दार पाहून परत जायचा, आणि प्रोग्रॅम ती तक्रार एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. ती फाइल वाचणं कोणाचंच काम नव्हतं. पूर्वी त्या संस्थेकडून 'मुदत संपत आली' असा मेल तरी यायचा. जून २०२५ पासून तो पाठवणं तिने थांबवलं. आणि मुदत संपली ती नेमकी साहेब यायच्या सकाळी. पहाटे भावोजींनी उत्साहाने आपलीच वेबसाइट मोबाईलवर उघडली तर सगळं पान व्यापून इशारा: तुमचं कनेक्शन खासगी नाही, इथे हल्लेखोर तुमची माहिती चोरू शकतात. भावोजींचा आवाज फोनवर ओळखू येईना.

"मामा, हल्लेखोर कोण?"

मला मामा ते कधीच म्हणत नाहीत, मी त्यांचा मेहुणा. यावरून परिस्थिती कळावी.

भाचीने लोकलमधूनच, वाणगाव की उमरोळी यावर डब्यात चाललेल्या भांडणाच्या मधोमध उभं राहून, ८० उघडलं. मिनिटभरात नवं सर्टिफिकेट आलं. मग तिने त्या दारावर जे बसवलं, ते तिच्या मते पहिल्या दिवशीच बसवायला हवं होतं आणि प्रश्नावलीच्या दोन चौकोनांपायी राहून गेलं: येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर, '३०१', पलीकडच्या गेटाने या. आत काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही. आमचा वॉचमन हे काम बारा तास करतो, "इधर से नहीं भैया, उधर से." ३०२ म्हटलं की तात्पुरतं आणि ३०१ म्हटलं की कायमचं. बोईसरच्या रस्त्यांवर 'तात्पुरता वळण रस्ता' या पाट्यांवर वेल चढलेले मी पाहिले आहेत, पण कॉम्प्युटर शब्द पाळतात. शिवाय एक सूचना जोडली की ब्राउझरने पुढचे ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे एक वर्ष, जुन्या गेटाकडे फिरकायचंच नाही, मनानेच नव्या गेटाने यायचं. २०१२ साली ठरलेली ही रीत.

मग ८० कायमचं बंद करणारे सगळे खुळे का? नाही, आणि इथे मी भाचीच्या बाजूचा आहे, पूर्णपणे. माणसं येतात त्या दारावर वॉचमन बसवावा, कारण माणसं जुने पत्ते, जुने बोर्ड, जुन्या चिठ्ठ्या घेऊनच येणार. मशीनं येतात ते दार मात्र चिणून टाकावं. मशीन आधी नाव आणि पासवर्ड ओरडतं, मग ऐकतं. त्याला तुम्ही नम्रपणे 'पलीकडून या' म्हणालात तर ते पलीकडून येतं, काम होतं, आणि रोज आधी चव्हाट्यावर पासवर्ड ओरडून मगच येतं. चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याला दारच सापडलं नाही तर पहिल्याच दिवशी बोंब होते आणि कोणीतरी दुरुस्त करतं. मार्च २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या मोठ्या अमेरिकन कंपनीने आपल्या, प्रोग्रॅमांनी प्रोग्रॅमांशी बोलायच्या, पत्त्याबाबत हेच जाहीर केलं: ८० वर उत्तर नाही, वळवणं नाही, दारच नाही. या हिशोबाने आमच्या कारखान्यात झालं ते नेमकं उलटं: ज्या मशीनवर दार बंद व्हायला हवं होतं त्याच्यासाठी नवं पाडलं, आणि नागपूरच्या माणसाला बाहेर ठेवलं. पण प्रश्नावलीत 'कोणावर' असा रकाना नसतो.

साहेब आले. तरुण, इस्त्रीचे, गळ्यात पट्टा. पिवळे पट्टे चुकवत ऑफिसात बसले आणि म्हणाले, जरा तुमचं वायफाय द्या. पाहुण्यांच्या वायफायला आमच्याकडे आधी मोबाईल नंबर टाकायचं पान येतं. ते पान त्यांच्या लॅपटॉपवर येईना. कंपनीने त्यांचा लॅपटॉप इतका कडेकोट केला होता की तो फक्त कुलपाच्याच साइट उघडायचा, आणि कुलपाच्या साइटच्या मधे घुसून 'आधी नंबर द्या' असं आमच्या गरीब राउटरला सांगता येत नव्हतं. वाटेत कोणी घुसू नये यासाठीच तर ते कुलूप. साहेबांनी गूगल उघडून पाहिलं, मग आपल्या कंपनीची साइट, मग क्रिकेटचा स्कोअर. कपाळाला घाम आला. भावोजी पंखा वाढवत होते.

तोवर भाची पोचली होती. तिने नम्रपणे सांगितलं, "सर, एखादी बिनकुलपाची साइट उघडून बघा. 'नेव्हरएसएसएल' म्हणून एक आहे, मुद्दाम याच कामासाठी कायम ८० नंबरवर ठेवलेली." साहेबांनी आधी तिच्याकडे, मग प्रश्नावलीकडे पाहिलं. मग लॅपटॉपचा पहारा दोन मिनिटं सैल करून ती उघडली. नंबर टाकायचं पान लगेच आलं. नेट सुरू झालं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की आमच्या सर्व्हरची दारं तपासणारं यंत्र चालवलं, आणि म्हणाले, "८० उघडं दिसतंय."

पुढचा पाऊण तास भाची आणि साहेब काय बोलले ते मला सांगता येणार नाही. मधे मधे ३०१ ऐकू येत होतं आणि भावोजी दर वेळी समोशाची बशी पुढे करत होते. शेवटी साहेबांनी हजेरीच्या मशीनबद्दल सवाल केला, ८०८० बघून भुवया चढवल्या आणि ते बदलायला तीन महिने दिले. ८० बद्दल 'त्रुटी' न लिहिता 'निरीक्षण' लिहितो म्हणाले. या दोन शब्दांत भावोजींच्या धंद्यात एका वर्षाच्या ऑर्डरींचा फरक असतो, म्हणून ते त्यांना सोडायला स्वतः स्टेशनवर गेले.

अहवाल आठवड्याने मेलवर आला. गोपनीय असल्यामुळे फाइल पासवर्डाने बंद केलेली होती. पासवर्ड त्याच मेलमध्ये खालच्या ओळीत होता: कंपनीचं नाव, ॲट, एक दोन तीन.